चारशे चारांतले सदतीस

डेव्हेंटर, ६ मे

नेझिहे अब्ला,

तुझा निरोप पोचला, नेहमीसारखा तुझ्या लेकीच्या तोंडून. फेराये स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एका हातात गणिताची वही, दुसऱ्यात फोन, आणि पोस्टमनच्या चेहऱ्याने म्हणाली, "आई म्हणतेय, मावशीला सांग, तिचे चारशे चार." आणखी काही म्हणाली का, असं मी विचारलं. म्हणाली, "नाही. चारशे चारच."

नोव्हेंबरपासूनचा हा तुझा नववा निरोप. आधीचे आठ मला पाठ आहेत, कारण पाठ करायला अवघड असं त्यांत काही नव्हतं. फेरायेचे बूट, फेरायेचा खोकला, फेरायेच्या दातांच्या तारा. मुलगी तुझी, आणि तुम्ही दोघं तुर्कस्तानात कारामानला परत गेल्यापासून तीन वर्षं राहते इथे हॉलंडात माझ्याकडे, तेव्हा तिच्या दातांची चौकशी माझ्याकडेच होणार. तक्रार नाही.

चारशे चार कबूल. गाठी सोडवणारी ती सलावत, पैगंबरांवरची दुआ, चार हजार चारशे चव्वेचाळीस वेळा म्हटली की अडलेलं काम मार्गी लागतं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अकरा बायका जमवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला बरोब्बर चारशे चार येतात, बाकी शून्य. हा भागाकार जमल्याचा आनंद तुझ्या संदेशातून नुसता सांडत होता. शाळेत तुला भागाकार येत नसे, म्हणून असेल. ग्रुपचं नाव तू 'फेरायेची परीक्षा' ठेवलंस आणि वर चित्र लावलंस काळ्या पदवी-टोपीचं. मुलगी शाळेची शेवटची परीक्षा देतेय, अब्ला. तिच्या डोक्यावर ती टोपी अजून चार वर्षं कोणी ठेवणार नाही. पण असू दे, टोपी छान आहे.

जिचे पुरे होतील तिने 'तमाम' लिहायचं आणि तू तिला लाल बदाम टाकायचा. हाजी सानियेने नुसतं 'बिस्मिल्ला, सुरू करते' असं कळवलं, तिला सुरुवातीलाच बदाम. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सोनग्युलला बदाम. मी 'वाचलं' असं लिहिलं, मला अंगठा. अंगठाही चालेल. दोन सख्ख्या भावांना दिलेल्या दोन सख्ख्या बहिणी आपण. इतकं सरकारी पत्रव्यवहाराचं नातं याआधी कधी नव्हतं, एवढंच.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. ग्रुपवर लिहिता आलं असतं, पण तिथे बाकीच्या नऊ बायका वाचतात आणि त्यांतल्या सात इतरांना वाचून दाखवतात.

तुझ्या नवऱ्याला, कादिर आबीला, सांग की त्याच्या भावाच्या कबरीवर दगड बसला. त्याने विचारलेलं नाही, तरी सांग. 'भाड्याची कबर' हा त्याचा शब्द मला अजून ऐकू येतो. मुदत तीस वर्षांची आहे, खरं आहे. पण नोव्हेंबरात जाण्याआधी माझा हालिसच म्हणाला होता, मला अशा जागी ठेव की तुला सायकलवरून येता येईल. मी विमानाला भिते हे त्याला माहीत होतं. म्हणून तो इथे आहे, तिकडे त्याच्या आईवडिलांशेजारची जागा रिकामी आहे, आणि तुम्ही दोघं माझ्याशी बोलत नाही. सगळं जागच्या जागी आहे.

फेराये अभ्यास करते. पास झाली तर ऑगस्टअखेर ग्रोनिंगेन, नर्सिंग, चार वर्षं. नापास झाली तर आणखी एक वर्ष इथेच, माझ्या घरी, तीच शाळा, तोच बाक. तुला माहीत आहेच. मी आपलं लिहून ठेवलं.

हाजी सानियेने मला बोटात घालायचं मोजणीचं यंत्र दिलंय. अंगठीसारखं दिसतं, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. सुरू आहे.

पेरिहान


डेव्हेंटर, २५ मे

नेझिहे अब्ला,

तुझं उत्तर आलं नाही. वाट पाहत होते असं नाही. पत्रपेटी रोज उघडावीच लागते, जाहिराती साठतात.

परीक्षा काल संपली. तुझ्या कानावर तुझी लेक घालते ते वेगळं आणि मी पाहिलं ते वेगळं, म्हणून लिहिते. हाजी सानियेने जुम्म्याच्या दिवशी साखरेच्या खड्यांचा अख्खा डबा पुढ्यात घेऊन दुआ म्हटली, त्यावर फुंकर मारली, आणि रोज पेपरला जाण्याआधी एक खडा पोरीच्या जिभेखाली ठेवायचा अशी ताकीद देऊन डबा माझ्याकडे दिला. फेराये म्हणाली, दातांना तारा आहेत, डॉक्टरने साखर बंद केली आहे. मंतरलेली वस्तू टाकता येत नाही. रोज सकाळी एक खडा मी माझ्याच चहात घातला. गणिताच्या दिवशी दोन घातले. मला कुठलाही प्रश्न विचारला असता तरी सुटला नसता, पण चहा गोड झाला.

मशिदीतही यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी पेनांवर दुआ झाली. हौसेने पन्नास पेनं आणली कमिटीने. सगळी हिरव्या शाईची, कारण हिरवा रंग आपला. पेपर निळ्या किंवा काळ्या शाईतच लिहायचा असतो हे पन्नास बापांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आता घरोघरी किराण्याच्या याद्या हिरव्या शाईत लिहिल्या जातात आणि सामान, म्हणे, काही केल्या विसरत नाही.

फेराये स्वतः काय म्हणते ते मी ऐकलं. शेडमधून सायकल काढताना पुटपुटत होती, तेच, आपण लहानपणी म्हणायचो ते. रब, सोपं कर, अवघड करू नकोस, शेवट गोड कर. कारामानच्या त्या थंडगार खोलीत कुराण शिकवणाऱ्या होजासमोर तू मोठ्याने म्हणायचीस आणि मी शेजारी बसून ओठ हलवायची. होजा तुझ्या आवाजावर खूष होऊन दोघींना खजूर द्यायचा. माझा अर्धा अभ्यास तुझ्या आवाजावर झाला आहे.

गणिताच्या पेपरावरून ती आली आणि जिन्यावरच बसली. बूट काढले नाहीत. मी कसा गेला म्हणून विचारलं नाही.  मग ती बटाटे सोलायला आली.

ग्रोनिंगेनला तिने खोली बघून ठेवली आहे. फोटो दाखवला. माळ्यावरची आहे, छत उतरतं, उंच माणूस उभा राहू शकणार नाही. ती उंच नाही. खिडकी आहे. मी म्हटलं, खिडकी चांगली आहे.

हालिस असताना घरात फ्रिजचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. फ्रिज तोच आहे, अकरा वर्षं जुना. रविवारी कबरीवर जाऊन येते. तिथेही ओठ हलवते. शेजारच्या कबरीवाल्यांना वाटतं, फार म्हणते बाई.

मी बारा तारखेला 'तमाम' लिहिलं ते तू पाहिलंस, अंगठा आला. आणखी एक गोष्ट लिहायची होती, पण पान संपलं.

पेरिहान


डेव्हेंटर, १३ जून

नेझिहे अब्ला,

काल दोन वाजून पाच मिनिटांनी तू मला फोन केलास. मी तो कापला. आधी हे, मग बाकीचं.

इथली रीत तुला आठवत असेल, नसेल तर सांगते. निकालाच्या दिवशी शाळा नापास मुलांना फोन करते, पास झालेल्यांना नाही. दोन ते तीन एवढाच तो तास. तीनपर्यंत फोन वाजला नाही की पोर पास. पालक म्हणून शाळेत माझा नंबर दिला आहे. फेरायेने स्वतःचा फोन बंद करून उशीखाली ठेवला होता, म्हणजे मैत्रिणींचे निकाल कळायला नकोत.

माझ्या टेबलाभोवती पाच बायका. मधोमध विणलेल्या रुमालावर माझा फोन, नवजात बाळासारखा. हाजी सानिये त्याने रडू नये म्हणून दुआ म्हणत होती आणि दर दोन मिनिटांनी त्याच्यावर फुंकर मारत होती. चीज भरून बोरेक भाजले होते, कोणी हात लावला नाही. फेराये जिन्यावर, चौथ्या पायरीवर. पोर काही झालं की जिन्यावर बसते, हे तुला माहीत नसेल. तुमच्या घराला जिना नव्हता.

दोन वाजून पाच मिनिटांनी वाजला. सोनग्युलने तोंडावर हात घेतला. फेराये उभी राहिली आणि कठडा धरला. मी पाहिलं, तुझं नाव.

सात महिन्यांनी तुझं नाव माझ्या फोनवर उजळलं, अब्ला. आणि का ते मला लगेच कळलं. तुमचं घड्याळ एक तास पुढे. तुझ्याकडे तीन वाजून पाच झाले होते. तुझ्या हिशेबाने मुलगी पास होऊन पाच मिनिटं झाली होती, लेकीचा फोन लागेना, तेव्हा तू मला लावलास. फक्त निकालासाठी लावलास की पहिल्या आनंदात मीही आठवले, ते मला माहीत नाही. विचारत बसले असते तर दोन मिनिटं गेली असती. मी कापला. शाळेचा फोन यायचा तर वाट मोकळी हवी. वाईट बातमीला जागा राहावी म्हणून मी सख्ख्या बहिणीचा फोन कापला.

कोण होतं, असं हाजी सानियेने विचारलं. मी म्हटलं, चुकीचा नंबर.

दोन वाजून वीस मिनिटांनी शाळेचा आला. तिचे वर्गशिक्षक, तेउनिसेन म्हणून आहेत, भला माणूस, आवाज खाली आणून बोलले. परीक्षेची सरासरी साडेपाच लागते. तिची पाच पूर्णांक चार दशांश. एका दशांशाने गेली. गणिताची फेरपरीक्षा देता येईल, पुढच्या बुधवारी. फेरायेने फोन माझ्या हातून घेतला आणि त्यांना दोनदा धन्यवाद म्हटलं. नापास झाल्याबद्दल धन्यवाद म्हणायला ही पोरं इथेच शिकतात.

त्यानंतर मी तुला तीन वेळा लावला. नंबर बंद.

मग टेबलावर पंचायत बसली. हाजी सानिये म्हणाली, सलावतीचा आकडा म्हणजे किल्ली, एक दाता कमी असला तरी कुलूप उघडत नाही. कुणाचे तरी कमी भरलेत. सगळ्यांच्या माना सोनग्युलकडे वळल्या. तेवीस वर्षांची पोर, सगळ्यांत नवी, सगळ्यांत धाकटी, चौकशीला यापेक्षा सोयीचं कोण?

"टीव्हीवर मालिका बघत म्हणत होतीस ना गं तू?"

"जाहिराती लागल्या की म्हणत होते, हाजी अब्ला."

"मोजलेस कशावर?"

"बोटांवर."

"बोटं किती तुला? चारशे?"

बायका हसल्या. सोनग्युल रडायला लागली. म्हणत होती की चुकले असतील म्हणून वीस जास्तच म्हटले. तिच्या सासूने तिला गप्प बस म्हणून कोपराने ढोसलं. मी बोरेक कापले. सहा तुकडे बरोबर सारखे आले.



मला काय वाटलं असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. काही नाही. तेउनिसेननी पाच पूर्णांक चार म्हटलं तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की मग तिच्या खोलीचे पडदे बदलायला हवेत, हे जुने आणखी एक हिवाळा टिकायचे नाहीत.

पेरिहान


डेव्हेंटर, २२ जून

नेझिहे अब्ला,

ग्रुपवर मी लिहिलेल्या दोन ओळी तू वाचल्यास. 'माझे सदतीसच झाले होते. सोनग्युलचे पुरे होते.' चार मिनिटांनी फोनवर आलं, नेझिहे यांनी तुम्हाला काढून टाकलं आहे. मशीन आपल्याला 'तुम्ही' म्हणतं, तेवढंच बरं वाटलं.

सोनग्युलच्या सासूने तिला चार दिवस माहेरी फोन करू दिला नव्हता, म्हणून लिहिलं. नाहीतर मी लिहिलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगत नाही.

आता सगळ्यांनी धरून चाललंय की नवरा गेल्यापासून पेरिहानचं चित्त ठिकाणावर नाही. हाजी सानिये रागावली नाही, उलट मसूरचं सूप घेऊन आली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, दुःखाने जीभ जड होते, अल्ला माफ करतो. मी सूप घेतलं. पण ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे फक्त तुला लिहिते.

मी वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात होते. चादरींच्या घड्या घालत म्हणत होते, एक घडी, एक सलावत, एकदा बटण. सदतीसपर्यंत मनात काही नव्हतं, फक्त साबणाचा वास. सदतिसावी झाली आणि ते शब्द कानावर आले, मीच म्हटलेले. गाठी सुटोत, मनातल्या इच्छा पुऱ्या होवोत. आणि मी थांबले, कारण माझ्या मनात इच्छा होती. ती नापास व्हावी, ही.

फार वाईट नापास नाही. थोडक्यात. तिला तोंड लपवावं लागू नये, कोणी बोट दाखवू नये, इतपत. एक वर्ष आणखी. एक हिवाळा.

अडतिसावी मला म्हणता येईना. मी तुझ्याशी खोटं बोलू शकते, हाजी सानियेशी तर रोज बोलते, दहा बायकांसमोर 'तमाम' लिहिताना माझं बोट अडखळलं नाही. पण ते म्हणताना ज्याच्याशी बोलायचं असतं त्याच्याशी जमेना. ते यंत्र मी बोटातून काढून एप्रनच्या खिशात टाकलं आणि बाकीच्या चादरी गप्प राहून आवरल्या.

आणि ती नापास झाली, एका दशांशाने. मला हवी होती तेवढीच. अब्ला, मी मागितलं नव्हतं. नुसतं वाटलं होतं. हाजी सानिये म्हणते, अल्ला ओठांवरचं ऐकतो तसं मनातलंही ऐकतो. ती हे दिलासा म्हणून सांगते.

दाढ काढण्याआधी बधिर करतात, तेव्हा माणूस स्वतःची जीभ चावतो आणि कळतही नाही. नंतर आरशात रक्त दिसतं. मला अजून दुखत नाही, फक्त दिसतं आहे. हे दुःख आहे की हाव, हे मी वेगळं काढू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर फार प्रयत्नही करत नाही.

हे सगळं तुला सोनग्युलच्या फोनवरून मिनिटभरात कळवता आलं असतं. पत्र निवडलं, कारण पत्राला कारामान गाठायला पंधरा दिवस लागतात आणि तोवर फेरपरीक्षेचा निकाल लागून गेलेला असेल. याला धीटपणा समजू नकोस.

मंगळवारी सोनग्युल कुर्बानीचं मटण घेऊन आली. दारातूनच जाणार होती, मग आत आली. तू ग्रुपवर पुन्हा चार हजार चारशे चव्वेचाळीस लावल्याचं तिने सांगितलं. मी नसल्यामुळे दहा जणी, प्रत्येकी चारशे चव्वेचाळीस.

"आणि चार उरतात," सोनग्युल म्हणाली. "हाजी अब्ला म्हणते, चारांनी काय होतंय, अल्ला काही इतका काटेकोर नाही. गेल्या आठवड्यात माझी कातडी सोलताना मात्र तो काटेकोर होता." मग म्हणाली, "ते चार तुम्ही म्हणा, पेरिहान अब्ला."

मी म्हटलं, मला काढलंय.

"ग्रुपमधून काढलंय. म्हणण्यातून कोण काढणार?"

ज्या पोरीला माझ्या गप्प बसण्यापायी सासूचं कोपर खावं लागलं, ती मला चार सलावती देऊन गेली. मटणही चांगलं होतं.

बुधवारी फेराये पेपरला गेली तेव्हा मी कामावर होते. चादरींच्या घड्या घालायच्या त्याच टेबलापाशी उभी राहिले. पहिल्या तीन नुसत्या ओठांनी झाल्या, सवयीने. चौथी मोठ्याने म्हटली. इस्त्रीवरची पोलिश बाई वळून बघायला लागली. ती पास व्हावी असं मला त्या वेळी वाटत होतं का? नाही. पण मी तसं म्हटलं, शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. मनातलं ऐकू येतं तर त्याला दोन्ही ऐकू आलं असेल. ठरवू दे त्याला.

पेरिहान


डेव्हेंटर, १४ जुलै

नेझिहे अब्ला,

ती पास झाली हे तुला माहीत आहे. कसं, ते सांगते.

या वेळी मी कोणाला बोलावलं नाही. सोनग्युल आपणहून आली, विणकाम घेऊन. तीन वाजले. आम्ही तिघी हललो नाही. तीन वाजून दहा झाले तेव्हा सोनग्युल म्हणाली, शाळेचं घड्याळ मागे असेल तर? मग आणखी पाच मिनिटं बसलो. त्यानंतर फेरायेने वर जाऊन शाळेची बॅग आणली. समोरच्या वेव्हर्सबाईंनी झेंड्याची काठी दिली आणि पास झाल्याच्या इथल्या रीतीप्रमाणे झेंड्याच्या टोकाला बॅग अडकवून काठी खिडकीबाहेर लावली. हाजी सानिये रस्त्याने जात होती. दफ्तर फाशी का दिलंय, असं तिने खालून विचारलं. कळल्यावर तिने मान वर करून झेंड्यालाच फुंकर मारली. वारा होता, पोचली असेल.

तू ग्रुपवर दहा जणींचे आभार मानलेस, सोनग्युलने दाखवलं. आकडा बरोबर होता.

फेराये चोवीस ऑगस्टला जाणार. पडदे मी बदलले नाहीत.

माझं बावीस जूनचं पत्र तुला गेल्या आठवड्यात मिळालं आणि तू बुधवारी तुझ्या लेकीला फोन करून ते वाचून दाखवलंस. तुझा हक्क आहे. कागद मीच दिला होता, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी तिला सांगावं, ते मला सांगावं लागू नये, हेही त्या पंधरा दिवसांत कुठेतरी होतंच. तू म्हणालीस, ज्या बाईने तुझं वाईट चिंतलं तिच्या घरात एक दिवसही राहू नकोस, सुट्टीचे सहा आठवडे इकडे ये. तिने मला तेही सांगितलं. ती निरोप पुरता देते, गाळत नाही. तू चांगलं वळण लावलंस.

मी फासोलियाचं, पांढऱ्या घेवड्याच्या रश्शाचं, पातेलं उतरवत होते. ती आली आणि दाराला टेकली.

"आई म्हणते, मी नापास व्हावी असं तुला वाटत होतं म्हणून तू थांबलीस. खरं आहे?"

मी म्हटलं, "हो."

 काकांचं दुःख, जड जीभ, धुलाईघर, सगळं तयार होतं, हाजी सानियेने सुपासोबत आणून ठेवलंच होतं. घेतलं नाही. ती ओरडेल असं वाटलं, म्हणून झाकण हातातच धरून ठेवलं. ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली, टेबलावरच्या मेणकापडाची सुटलेली कड नखाने उकरत राहिली. मला वाटलं आता उठेल आणि बॅग भरेल. तू बोलावलं होतंसच.

मग ती म्हणाली, "म्हणजे एका तरी माणसाला मी घरात हवी होते."

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण या पत्रांत पुरेसं खोटं लिहून झालं आहे. टोचावं म्हणूनच लिहिते. तीन वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून तू तिला माझ्या दारात उभी केलीस, तेव्हापासून सगळ्यांनी तिच्या पुढे जाण्यासाठी दुआ केल्या. तू केल्यास, हाजी सानियेने केल्या, पन्नास हिरव्या पेनांनी केल्या. त्या बरोबरच होत्या. ती जाणार आहे आणि तिने जावं. पण पोरीने इतक्या दुआंमधून जे उचललं ते माझं न म्हणणं होतं, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. तुला कळलं तर लिही. फोन करणार असशील तर दुपारी करू नकोस, मी कामावर असते.

ती कारामानला येणार नाही म्हणते, जाईपर्यंत इथेच राहणार. मी राहा म्हटलेलं नाही.

तिने ताट पुढे केलं. मी वाढलं. माझंही वाढून घेतलं आणि समोर बसले. दोन घास खाऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे, मावशी."

"आज?"

"नोव्हेंबरपासून."

पेरिहान